शर्यतीच्या तरुण घोड्याचे प्रशिक्षण आणि वयाचा प्रश्न : अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या संदर्भात

प्रस्तावना

अश्वप्रशिक्षणाचा लेखी इतिहास तीन हजार वर्षांहून अधिक जुना आहे. आजच्या तुर्कस्तानातील हत्तुशा या हित्ती राजधानीच्या अवशेषांत सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर मितन्नी देशातील किक्कुली नावाच्या अश्वप्रशिक्षकाचा पाठ कोरलेला आहे. इ. स. पूर्व चौदाव्या शतकाच्या सुमारास तयार झालेल्या या पाठात घोड्याला कोणत्या दिवशी किती फिरवावे, केव्हा घाम आणावा, केव्हा धुवावे व काय खाऊ घालावे याचा तपशील दिलेला आहे. घोड्याच्या फेऱ्यांसाठी त्यात योजलेले शब्द एक, तीन, पाच, सात व नऊ या संख्यांची संस्कृतशी जवळीक दाखविणारी रूपे असल्यामुळे भारतीय अभ्यासकांना तो विशेष परिचित आहे. तथापि किक्कुलीचा घोडा युद्धरथाचा होता. शर्यतीसाठीच जन्माला घातलेल्या आणि पूर्ण वाढ होण्यापूर्वीच धावपट्टीवर उतरविलेल्या घोड्याचे प्रशिक्षण ही तुलनेने अगदी अलीकडची, सुमारे अडीचशे वर्षांची घटना आहे व तिचे मूळ इंग्लंडमध्ये आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधील नामवंत घोडे पाच-सहा वर्षांचे झाल्यावर शर्यतीत उतरत. पुढील शंभर वर्षांत हे वय तीनवर, दोनवर आणि काही प्रसंगी एका वर्षावर आले. हा बदल कोणत्या कारणांनी झाला, त्यामुळे प्रशिक्षणाची पद्धती कशी बदलली आणि त्याचा भार कोणावर पडला, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रौढ घोड्यांच्या शर्यती

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसऱ्या चार्ल्स राजाच्या आश्रयाने न्यूमार्केट येथील शर्यतींना व्यवस्थित रूप आले. राजाच्या नावाने दिल्या जाणाऱ्या पारितोषिकांच्या शर्यती दमदार घोड्यांसाठी होत्या. एकेका फेरीचे अंतर चार मैल, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटर असे. घोड्याच्या पाठीवर बारा स्टोन, म्हणजे सुमारे ७६ किलो वजन असे आणि निकालासाठी एकाच दिवशी अशा दोन-तीन फेऱ्या धावाव्या लागत. दोन फेऱ्यांमधील अर्ध्या तासात घोड्याला खरारा करून पुन्हा उभे केले जाई. अशा कसोटीला शिंगरू उपयोगाचे नव्हते. हाडे पक्की झालेला, छाती भरलेला आणि स्वाराच्या इशाऱ्याला सरावलेला घोडाच तिथे टिकू शकत असे.

या परंपरेचा सर्वांत प्रसिद्ध प्रतिनिधी म्हणजे एक्लिप्स हा घोडा होय. १ एप्रिल १७६४ रोजी सूर्यग्रहणाच्या दिवशी तो जन्मला, म्हणून त्याला हे नाव मिळाले. त्याची पहिली शर्यत ३ मे १७६९ रोजी एप्सम येथे झाली. त्या वेळी तो पाच वर्षांचा होता. १७६९ व १७७० या दोन हंगामांत तो १८ शर्यती धावला आणि एकदाही हरला नाही. आजच्या थरोब्रेड घोड्यांपैकी बहुसंख्यांची पितृपरंपरा ज्याच्यापर्यंत पोहोचते, त्या घोड्याच्या वयाची पहिली चार-पाच वर्षे शर्यतीविना गेली, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

नव्या शर्यती आणि बदललेला हिशेब

एक्लिप्स निवृत्त झाल्यानंतर अवघ्या सहा वर्षांत चित्र पालटू लागले. १७७६ मध्ये डॉन्कॅस्टर येथे तीन वर्षांच्या घोड्यांसाठी दोन मैलांची शर्यत भरली. तीच पुढे सेंट लेजर म्हणून ओळखली गेली. १७७९ मध्ये एप्सम येथे ओक्स व १७८० मध्ये डर्बी सुरू झाली. पहिली डर्बी फक्त एक मैलाची होती. १७८४ पासून ती दीड मैलाची झाली. १८०९ मध्ये टू थाउजंड गिनीज आणि १८१४ मध्ये वन थाउजंड गिनीज या शर्यतींची भर पडून तीन वर्षांच्या घोड्यांच्या पाच प्रमुख शर्यतींची मालिका पूर्ण झाली. याच सुमारास वय आणखी खाली सरकले होते. दोन वर्षांच्या घोड्यांसाठी न्यूमार्केटची जुलै स्टेक्स ही शर्यत १७८६ मध्येच सुरू झाली होती.

या बदलामागे आर्थिक कारणे प्रबळ होती. पाच वर्षांपर्यंत घोडा पोसायचा म्हणजे दाणा, चारा, तबेला आणि मोतद्दार यांचा पाच वर्षांचा खर्च अंगावर घ्यायचा. तो घोडा धावेल की नाही हे त्यानंतरच कळणार. दोन किंवा तीन वर्षांच्या वयातच निकाल लागला, तर गुंतवणूक लवकर मोकळी होत असे. या शर्यतींचे बक्षीस मुख्यतः मालकांनी भरलेल्या वर्गणीतून जमत असे. काही शर्यतींत तर शिंगरू जन्मण्यापूर्वीच, गाभण घोडीच्या नावावर नोंदणी होई आणि घोडा उतरवला नाही तर ठरावीक रक्कम दंड म्हणून जाई. आधीच भरलेले पैसे आणि पुढे होऊ शकणारा दंड यांमुळे घोडा तयार असो वा नसो, त्याला त्या दिवशी तयार करण्याची निकड निर्माण झाली. लहान वयाच्या घोड्यांच्या मागील कामगिरीची माहिती नसल्यामुळे पैज लावणाऱ्यांनाही अशा शर्यतींत अधिक रस वाटे. १७६६ पासून लंडनमध्ये चालू असलेल्या टॅटरसॉल्सच्या घोडेबाजारासारख्या व्यवस्थेत कोवळ्या घोड्याला त्याच्या वंशावळीवरूनच किंमत मिळू लागली. वेदरबी यांच्या वंशावळ ग्रंथाचा प्रास्ताविक भाग १७९१ मध्ये प्रसिद्ध झाला, तो या नव्या व्यवहाराला पूरकच ठरला.

प्रशिक्षणाचा क्रम

वय खाली आल्याबरोबर प्रशिक्षणाचा क्रमही घट्ट झाला. साधारण सहा महिन्यांचे झाल्यावर शिंगरू आईपासून तोडले जाई आणि पुढचे वर्षभर कुरणात वाढे. दीड वर्षाच्या सुमारास, म्हणजे दुसऱ्या शरद ऋतूत, ते प्रशिक्षकाच्या ताब्यात येई. प्रथम डोक्यावर मोहरकी चढवून त्याला माणसाबरोबर चालण्याची सवय लावली जाई. नंतर तोंडात साधे कडियाळे देत. त्याला लोंबणाऱ्या लहान पट्ट्या असत. त्यांच्याशी जिभेने चाळा करता करता शिंगराला लोखंडाची ओळख होई. पाठीभोवती पट्टा आवळून तंगाचा अंदाज दिला जाई. पुढे लांब दोरीवर डावीकडून व उजवीकडून वर्तुळात फिरविणे, मागून दोन लांब लगाम धरून चालविणे आणि शेवटी खोगीर चढविणे असे टप्पे असत. पहिला स्वार म्हणजे तबेल्यातील एखादा हलका पोर. तो प्रथम पाठीवर नुसता आडवा पडे, काही दिवसांनी रिकिबीत पाय घालून बसे. त्यानंतर एखाद्या शांत, म्हाताऱ्या घोड्याच्या मागे शिंगराला रपेटीला नेत. चाल, दुडकी आणि संथ दौड असा क्रम ठेवून, शेवटी दोन-तीन फर्लांगांची चाचणी घेतली जाई. मराठी वाचकाला परिचित असलेल्या चाबुकस्वाराचे काम आणि हे काम यांत मूलतः फरक नव्हता. फरक होता तो मुदतीचा. लष्करी घोड्याला शिकण्यासाठी जितका काळ मिळे, तितका शर्यतीच्या शिंगराला मिळत नसे.

याहून गंभीर अडचण वेगळीच होती. प्रौढ घोड्यांसाठी रूढ झालेली तयारीची पद्धत जशीच्या तशी कोवळ्या घोड्यांना लावली गेली. त्या काळच्या समजुतीनुसार घोड्याच्या शरीरातील अनावश्यक मेद व दूषित द्रव्ये काढून टाकल्याखेरीज त्याला दम येत नसे. त्यासाठी काळ्या बोळाचे तीव्र रेचक वारंवार दिले जाई. जाड झुली व डोक्यावर टोपडी चढवून त्याला चार-चार मैल दौडवीत आणि निथळणारा घाम पट्टीने खरवडून काढीत. तबेले बंद व उबदार ठेवले जात. मुरलेला घोडा हे सोसत असे. दोन वर्षांच्या घोड्याची शक्ती मात्र त्यातच संपत असे.

या पद्धतीला मुरड घालणाऱ्यांत न्यूमार्केटचे रॉबर्ट रॉबसन यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. समकालीनांनी ज्यांना प्रशिक्षकांचा सम्राट म्हटले, त्या रॉबसन यांच्या घोड्यांनी सात वेळा डर्बी जिंकली. घोड्याला झुलींखाली घामाने निथळविण्याचे प्रमाण त्यांनी कमी केले आणि अधिक सौम्य व्यायामावर भर दिला. त्यांच्यानंतर यॉर्कशरमधील मॉल्टनजवळच्या व्हाइटवॉल येथे जॉन स्कॉट यांनी १६ वेळा सेंट लेजर जिंकून देणारे घोडे तयार केले. टू थाउजंड गिनीज, डर्बी व सेंट लेजर या तिन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकणारा पहिला घोडा, वेस्ट ऑस्ट्रेलियन, हा १८५३ मध्ये त्यांच्याच तबेल्यातून आला. वाहतुकीतील सुधारणाही या काळात उपयोगी पडली. १८३६ मध्ये लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी एलिस या घोड्याला घोड्यांनीच ओढलेल्या बंद गाडीतून डॉन्कॅस्टरला नेले व त्याने सेंट लेजर जिंकली. तोपर्यंत घोडे शर्यतीच्या गावापर्यंत बहुधा पायीच नेले जात. पुढे रेल्वेमुळे हा प्रवास सोपा झाला. परंतु त्याचबरोबर एका हंगामात एकाच कोवळ्या घोड्याला अनेक गावी धावविणेही शक्य झाले.

दात आणि दिनदर्शिका

शर्यत वयावर आधारली की वय हीच मूल्यवान वस्तू बनते. घोड्याचे वय ओळखण्याची जुनी रीत दात पाहण्याची. समोरचे मधले दुधाचे दात साधारण अडीच वर्षांनी, त्यांच्या बाजूचे साडेतीन वर्षांनी आणि कडेचे साडेचार वर्षांनी बदलतात. म्हणजे तीन वर्षांच्या आणि चार वर्षांच्या घोड्याच्या जबड्यांत जाणकाराला स्पष्ट फरक दिसतो. १८४४ च्या डर्बीत हा फरक न्यायालयापर्यंत पोहोचला. रनिंग रेन या नावाने पहिला आलेला घोडा वस्तुतः मॅकाबियस नावाचा चार वर्षांचा घोडा असल्याचा आरोप झाला. खटल्यात न्यायाधीशांनी घोडा तपासणीसाठी हजर करण्यास सांगितले, तेव्हा तो हजर करता आला नाही. परिणामी पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे बंधू कर्नल जोनाथन पील यांच्या ऑर्लँडो या घोड्याला विजयी ठरविण्यात आले. त्याच शर्यतीत पाय मोडल्यामुळे लिअँडर या घोड्याला ठार करावे लागले होते. त्याचा जबडा तपासला असता तोही चार वर्षांचा निघाला. तीन वर्षांच्या घोड्यांमध्ये चार वर्षांचा घोडा घुसविण्यासाठी लोक एवढा धोका पत्करत होते, यावरून वाढत्या वयातील एका वर्षाचे शारीरिक मोल किती असते, हे व्यवहाराने पुरते ओळखले होते असे म्हणावे लागते.

लबाडीने मिळणाऱ्या एका वर्षाबद्दल एवढी दक्षता घेतली गेली, परंतु नियमानेच दडविलेल्या महिन्यांबद्दल ती घेतली गेली नाही. पूर्वी घोड्याचे वय १ मेपासून मोजले जाई. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो व शिंगरे निसर्गतः वसंतात जन्मतात, हे पाहता ही तारीख निसर्गाला धरून होती. १८३४ पासून न्यूमार्केट येथे आणि १८५८ पासून इतरत्र ती १ जानेवारी करण्यात आली. हिशेबाच्या दृष्टीने ते सोयीचे होते. मात्र जानेवारीत जन्मलेले आणि मे महिन्यात जन्मलेले शिंगरू कागदावर समवयस्क ठरले. दोन वर्षांच्या घोड्यांत चार महिने म्हणजे आयुष्याचा सहावा भाग होय. त्यामुळे शिंगरे भर थंडीत, वर्षारंभी जन्मावीत असा पैदास करणाऱ्यांचा प्रयत्न सुरू झाला. तर उशिरा जन्मलेल्या शिंगराला मोठ्यांच्या बरोबरीने तयार करण्याचे दडपण प्रशिक्षकावर आले.

क्रूसिफिक्सचे उदाहरण आणि सुधारणेचे प्रयत्न

बेंटिंक यांची क्रूसिफिक्स ही घोडी या व्यवस्थेचे यश आणि तिची किंमत एकाच वेळी दाखविते. १८३७ मध्ये जन्मलेली ही घोडी जुलै १८३९ मध्ये जुलै स्टेक्समध्ये प्रथम धावली. जून १८४० पर्यंतच्या बारा महिन्यांत ती बारा वेळा शर्यतीत उतरली. त्यांपैकी एक शर्यत बरोबरीत सुटली, एकही तिने गमावली नाही. तीन वर्षांची असताना तिने टू थाउजंड गिनीज, वन थाउजंड गिनीज व ओक्स या तिन्ही शर्यती जिंकल्या. त्यानंतर तिचा पाय कायमचा निकामी झाला आणि ती पुन्हा धावली नाही. तथापि मालकाच्या दृष्टीने तिचे मोल संपले नव्हते. तिच्या पोटी जन्मलेल्या सरप्लिसने १८४८ मध्ये डर्बी व सेंट लेजर जिंकली. धावण्यास निकामी झालेला प्राणी पैदाशीस उपयोगी पडतो, या वस्तुस्थितीमुळे तरुण घोड्यांच्या दुखापतींचा तोटा हिशेबाच्या वहीत पुरता उमटतच नव्हता.

या अतिरेकाला विरोध झालाच नाही असे नव्हे. एक वर्षाच्या शिंगरांच्या शर्यती जॉकी क्लबने १८५९ मध्ये बंद केल्या. १८६० मध्ये लॉर्ड रेड्सडेल यांनी घोड्यांवरील किमान वजन सात स्टोन, म्हणजे सुमारे ४४.५ किलो करावे, असे विधेयक हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये मांडले. हलक्या वजनामुळे कोवळे व कमकुवत घोडेही शर्यतीत टिकत आणि त्यांच्या पाठीवर तेवढीच कोवळी मुले बसविली जात, हा त्यामागील आक्षेप होता. जॉकी क्लबच्या विरोधामुळे ते विधेयक बारगळले. १८७० च्या सुमारास सर जोसेफ हॉली यांनी दोन वर्षांच्या घोड्यांच्या हंगामारंभीच्या शर्यतींवर बंधन घालण्याची मागणी केली, तेव्हा वयानुसार वजनाचे कोष्टक सिद्ध करणाऱ्या अॅडमिरल राउस यांनीच तिला विरोध केला. काही काळ अंशतः बंधन आले, पण ते टिकले नाही. वयातील फरक वजनाने भरून काढता येतो, ही राउस यांची भूमिका शर्यत चुरशीची करण्यासाठी योग्यच होती. परंतु वजनाच्या कोष्टकाने स्पर्धा समतोल होते, हाड पक्के होत नाही.

आधुनिक शास्त्राचा निष्कर्ष

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जुन्या वादाला प्रयोगांचा आधार मिळाला. इंग्लंडमधील थरोब्रेड घोड्यांविषयी १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेफकॉट व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाहणीत, घोड्यांचे प्रशिक्षणाचे दिवस वाया जाण्याचे सर्वांत मोठे कारण लंगडेपणा असल्याचे दिसून आले. पुढच्या पायाच्या नळीच्या हाडाला येणारी दुखरी सूज हा तर दोन वर्षांच्या घोड्यांचा नेहमीचा विकार. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे डेव्हिड न्यूनामेकर यांच्या संशोधनाने त्याचे कारण स्पष्ट केले. हाडावर जसा ताण पडतो तसा त्याचा आकार व घनता घडत जाते. लांब अंतराच्या संथ दौडींनी हाड शर्यतीच्या वेगासाठी तयार होत नाही. थोड्या अंतराचा वेगवान व्यायाम ठरावीक दिवसांच्या अंतराने, क्रमाक्रमाने वाढवीत दिल्यास ते तयार होते व विकाराचे प्रमाण घटते.

पुढील अनेक पाहण्यांत दोन वर्षांच्या वयात शर्यतीस प्रारंभ केलेल्या घोड्यांची कारकीर्द त्यामुळे आखूड झाल्याचे सामान्यतः आढळले नाही. अर्थात जे घोडे मुळातच धडधाकट असतात तेच लवकर धावू शकतात, हे लक्षात घेऊनच या निष्कर्षाचा अर्थ लावावा लागतो. एवढे मात्र खरे की लहान वयातील व्यायाम हा स्वतः दोष नाही. शिंगराच्या शरीराची प्रगती न पाहता शर्यतीची तारीख पाहून दिलेला व्यायाम हा दोष आहे. रॉबसन यांनी अनुभवाने जे ओळखले, त्याचेच हे शास्त्रीय रूप होय.

भारतातील शर्यती

इंग्लंडमधील ही व्यवस्था वसाहतकाळात पश्चिम भारतात आली. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या शर्यतींत इराणी आखातातून येणाऱ्या अरबी घोड्यांचे प्राबल्य होते. १८८३ मध्ये महालक्ष्मी येथे शर्यतीचे मैदान सुरू झाले. थरोब्रेडांची देशी पैदास वाढत गेली आणि १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी तेथे झाली. बडोद्याच्या महाराजांची प्रिन्सेस ब्यूटिफुल ही घोडी ती जिंकली. भारतातही वय १ जानेवारीपासूनच मोजले जाते. त्यामुळे डिसेंबरमध्ये इंडियन टू थाउजंड गिनीज धावणारा तीन वर्षांचा घोडा थोड्याच आठवड्यांनी इंडियन डर्बीत उतरतो तेव्हा चार वर्षांचा गणला जातो. एप्समच्या डर्बीतील घोड्याशी तुलना करता तो सुमारे आठ महिन्यांनी मोठा असतो. पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबई, या हंगामांच्या रचनेतून प्रशिक्षकाला मिळालेला हा अवधी आहे. एकाच जातीच्या घोड्याची प्रमुख कसोटी दोन देशांत दोन भिन्न वयांत होते, यावरून हे वय निसर्गाने नव्हे तर रूढीने ठरविलेले आहे, हे उघड होते.

समारोप

शर्यतीच्या तरुण घोड्याच्या प्रशिक्षणाचा इतिहास हा दोन वयांमधील अंतराचा इतिहास आहे. एक वय वर्गणीच्या वहीत व दिनदर्शिकेत लिहिलेले, दुसरे हाडांत व दातांत लिहिलेले. १७७६ नंतर पहिले वय दुसऱ्याच्या पुढे धावू लागले आणि त्या दोहोंमधील अंतर भरून काढण्याचे काम प्रशिक्षकाकडे आले. चांगल्या प्रशिक्षकांनी ते संयमाने केले, इतरांनी रेचके व घामाच्या दौडींनी. १८५९ च्या बंदीने एक गोष्ट मात्र सिद्ध केली : जे वय नियमाने ठरते, ते नियमाने बदलताही येते. शर्यतींच्या वेळापत्रकाचा विचार आज ज्या ज्या ठिकाणी होतो, तेथे बक्षिसाच्या रकमेबरोबर शिंगराच्या जन्माचा महिना आणि त्याच्या हाडांची स्थितीही विचारात घेतली जाणे, हे या इतिहासातून निघणारे किमान कर्तव्य ठरते.